डोळ्यांपुढे तरळणारे ठिपके
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरसाल शिक्षणफंड, वसतिगृह आणि वधूवरसूची यांविषयी पुष्कळ बोलले जाते, व ते योग्यच आहे. यंदा चिटणीसांनी 'वडीलधाऱ्यांच्या उपयोगाचे काही सांगा' अशी आज्ञा केल्यावरून आम्ही हा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय निवडला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून हयातभर मुलांस शिकविलेले शिक्षक आहोत. जाणत्यांकडून ऐकले आणि वाचून पडताळले, तेवढेच सांगणार.

निरभ्र आकाशाकडे किंवा चुना दिलेल्या भिंतीकडे पाहताना डोळ्यांपुढे काळसर ठिपके, केसासारखे धागे, कोळिष्टके तरळताना आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असतील. त्यांजकडे नजर वळवावी तर ती पुढे पळतात. लॅटिन भाषेत यांस 'उडत्या माश्या' अशा अर्थाचे नाव आहे. आम्हांसही ती कित्येक वर्षे दिसतात. उत्तरपत्रिका तपासताना एखादा ठिपका नेमका अक्षराच्या डोक्यावर येऊन बसे, आणि विद्यार्थ्याने न दिलेला अनुस्वार आम्हांस दिसे!

याचे कारण असे. डोळ्याच्या गोलात भिंगाच्या मागे जी पोकळी आहे, तीत काचाभ द्रव नावाचा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. तो अंड्यातील पांढऱ्या भागासारखा असतो. आमच्या शाकाहारी बंधूंनी उपमेबद्दल क्षमा करावी. त्यात शेकडा 98 हून अधिक पाणीच. उरलेल्या भागात अतिसूक्ष्म तंतू. वय वाढू लागले की हा पदार्थ पातळ होतो, तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली मागील पडद्यावर पडते. म्हणजे आपण पाहतो ती वस्तू बाहेर नाही, ती आपल्याच डोळ्यातील सावली होय. पुढे साठीच्या आसपास हा द्रव आकसून पडद्यापासून सुटतो. ज्यांस लांबचे दिसत नाही, किंवा ज्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांस हे लवकर घडते. केस पिकावे तसाच हा प्रकार. जुन्या चार ठिपक्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

परंतु हा द्रव सुटताना क्वचित् पडद्यास ओढतो, आणि पडदा फाटतो. डोळ्यांवर मार बसला की काजवे चमकले असे आपण म्हणतो. येथे मार न बसताच, विशेषतः अंधारात, डोळ्याच्या कडेस वीज चमकल्यासारखी दिसते. पडद्यास वेदना कळत नाही. ओढ बसली तरी त्यास उजेडच भासतो. खरा घात येथेच आहे. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. मग मनुष्य डॉक्टरांकडे कशास जाईल?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत, मोठे हिशेबी. एके सकाळी त्यांच्या एका डोळ्यापुढे मोहरी उधळल्यासारखे असंख्य ठिपके आले. घरात लग्नकार्य होते. 'कार्य उरकू द्या, मग पाहू,' असे म्हणून त्यांनी आठ दिवस काढले. पुढे एका बाजूने काळी सावली सरकू लागली, तेव्हा ते चष्म्याचा नंबर बदलून घेण्यास गेले. अखेर शस्त्रक्रिया झाली, पडदा चिकटला. पण त्या डोळ्याने त्यांस आज अक्षर लागत नाही. पडद्याचा मध्यभाग सुटण्यापूर्वी ते पोहोचते, तर बहुधा ही पाळी येती ना.

असे एकाएकी पुष्कळ ठिपके किंवा चमका दिसून जे तपासणीस जातात, त्यांच्यातील सातांत सुमारे एकाचा पडदा फाटलेला आढळतो. सहाजण निर्धास्त घरी येतात, हे खरे. परंतु आपण सातवे नाही, हे घरी बसून कळत नाही. म्हणून एकाएकी ठिपके वाढले, चमका दिसल्या, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मधुमेही मंडळींनी तर मुळीच थांबू नये. त्यांच्या डोळ्यात रक्तस्राव झाल्यानेही असे ठिपके येतात.

गुलाबपाणी, मध, उष्णतेवरचे काढे यांचा येथे काडीचा उपयोग नाही. आमच्या माताभगिनींविषयी तर विशेष सांगणे आहे. सुनेस त्रास नको, मुलाची रजा नको, म्हणून त्या बोलतच नाहीत. त्यांस घरच्यांनीच विचारावे.

शंभर वर्षांपूर्वी सुटलेला पडदा म्हणजे अंधत्व, असाच समज होता. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी फाटलेली जागा हेच मूळ आहे हे ओळखले आणि तेथे डागणी देऊन ती बुजविण्याची रीत 1920 नंतरच्या दशकात रूढ केली. आज नुसता फाटला असेल तर लेझर किरणांनी कडा चिकटवितात; त्यास फार वेळ लागत नाही. सुटला तर मात्र मोठी शस्त्रक्रिया.

तपासणीपूर्वी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात. काही तास अंधुक दिसते व ऊन सोसत नाही. यास्तव सोबत कोणी न्यावे, स्वतः वाहन चालवू नये. पहिल्या खेपेस पडदा शाबूत निघाला तरी पुढील काही आठवड्यांत तो फाटू शकतो. डॉक्टरांनी पुन्हा बोलाविले की जावे. बाकी जे ठिपके उरतात, त्यांची मनास हळूहळू सवय होते. ते काढण्याची शस्त्रक्रिया आहे, परंतु तीत मोतीबिंदू होण्याचा आणि पडदा सुटण्याचा धोका असल्याने फार त्रास असल्यावाचून डॉक्टर तिचा सल्ला देत नाहीत.