नाव न लागलेली सेवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला अहवाल वाचला जातो. किती सभा झाल्या, वर्गणी किती जमली, कोणी काय केले, हे त्यात येते. आणि ते यावेच. पण ज्या कामाची नोंद अहवालात होत नाही, त्याविषयी आज चार शब्द बोलावे असे मला वाटते. कारण मंडळे पैशावाचून क्वचितच मोडतात, “मी एवढे केले, माझे नाव कोठे आले?” या एका प्रश्नाने ती अधिक मोडतात.

आपले बल्लारपूर कागदाचे गाव. १९४५ साली येथील पेपर मिलची कंपनी स्थापन झाली आणि चांद्याच्या जंगलातला बांबू कागद होऊन दूरदूर जाऊ लागला. पुस्तकावर लेखकाचे नाव येते, छापखान्याचेही येते. बांबू तोडणाऱ्याचे आणि लगदा शिजवणाऱ्याचे येत नाही. पण त्यांच्यावाचून पुस्तक होत नाही.

पुस्तकाच्या गोष्टीवरून मला केडगाव आठवते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी, निराधार मुली व विधवा त्यांनी आपल्याबरोबर नेल्या आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. तेथे मुली शेती, विणकाम, शिवण शिकल्या. काही छापखान्यातही काम करू लागल्या. रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, थोडे शिकलेल्या बाईलाही समजावे अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. त्याचे खिळे या मुलींनी जुळवले, पाने त्यांनी छापली, बांधणीही त्यांनीच केली. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई देवाघरी गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

रमाबाईंचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या खिळे जुळवणाऱ्या मुलींची नावे आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील? एक खिळा उलटा बसला तर शब्द बिघडतो, म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षर निरखून बसवले. वाचणाऱ्याला त्यांची आठवणही होणार नव्हती. तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. विश्वासूपणा म्हणतात तो हाच. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनीही असेच आईच्या सावलीत राहून काम केले, अंध मुलींना शिकवण्याची सोय केली, आणि १९२१ साली आईच्या आधीच जगाचा निरोप घेतला.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावची टबीथा आहे. तिचे एकही भाषण शास्त्रात नाही. ती वारली तेव्हा विधवांनी रडत रडत तिने शिवलेले कपडे दाखवले. तोच तिचा अहवाल!

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते कोणाच्या धाकाने नव्हे. आपण कोण आहोत हे ठाऊक असताना, प्रीतीने धुतले. रमाबाईंनीही १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू निर्भयपणे मांडली. तेव्हा, बाईने अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजेच सेवा, असे कोणी सांगेल तर ते मानू नका. सेवा आपल्या खुषीने द्यायची असते. ती कोणी हिसकावून घ्यायची नसते.

आता आपल्यापुरते. या गावी पोटासाठी दूरदूरची माणसे आली. त्यांतली एखादी बाळंतीण, एखादी आजारी म्हातारी, दोन घरांपलीकडे एकटी असते. तिला पेजेची वाटी पोचवायला ठराव लागत नाही. सभा संपल्यावर सतरंजी झटकून ठेवायला पद लागत नाही. पहिल्या आठवड्यात हे सगळ्याच करतात. चाळिसाव्या आठवड्यात, वैशाखाच्या उन्हात, कोणी पाहत नसताना जी जाते तिच्यावर हे मंडळ उभे आहे.

माझी एकच विनंती आहे. येत्या वर्षात प्रत्येकीने असे एक काम नेमाने करावे आणि ते चिटणीसबाईंना सांगू नये. पुढच्या वर्षी अहवाल दोन ओळींनी लहान झाला तरी चालेल. जो गुप्तपणे पाहतो त्याच्या वहीत ती नोंद राहील.