एक ते नऊ आणि परत

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर ही संख्या लिहून घ्या : १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि आल्या पावली एकपर्यंत उतरायचे. एकूण आकडे सतरा. महाडच्या बाजारपेठेत गल्ल्याशेजारी बारा आकडी कॅल्क्युलेटर असला, तरी त्यावर ती मावायची नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेल्या स्थानांच्या नावांनी मोजले, तर तिचा पहिला एक 'मध्य' स्थानी बसतो. परार्धाला एकच घर कमी.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा वर्ग, १११११११११ गुणिले १११११११११. पोलादपूरच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही तो मांडता येईल, कारण पाढा लागतो फक्त एकचा! नऊ ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. मग बेरीज. उजवीकडून पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असे वाढत नवव्यात नऊ. तिथून पुढे पुन्हा आठ, सात, सहा. कुठेच हातचा येत नाही, म्हणून हा सारा डौल. दहा एकांचा वर्ग करून पाहावा. मधल्या घरात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब!

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना अशाच संख्यांचे वेड. जन्म १९०५चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीत मास्तरकी. या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. डेम्लो म्हणजे डोंबिवली स्टेशनाचे त्या काळचे नाव, आणि कल्पना तिथेच सुचली, असे सांगतात. त्यातली खुबी अशी : मधला नऊ बाजूला ठेवावा, डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवावेत. येतात ९९९९९९९९. दोन्ही बाजू मिळून मधल्याचीच रांग! शिवाय सतराही आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ने संख्येला निःशेष भागही जातो.

१९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा कुठे कापरेकरांचे नाव जगभर झाले. मास्तर तोवर सत्तरीला पोचले होते.

देवळालीच्या नावाच्याही संख्या आहेत. कोणत्याही संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. जी अशी कशातूनच निघत नाही ती देवळाली संख्या, उदाहरणार्थ २०. महाडचा पिनकोड ४०२३०१ या परीक्षेत नापास. ४०२२७८च्या आकड्यांची बेरीज २३, ती त्यात मिळवली की आले महाड. पोलादपूरचा ४०२३०३ही तसाच, तो निघतो लगतच्या ४०२२७९मध्ये २४ मिळवून.