दहावीच्या पहिल्या तुकडीचे मनोगत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



यंदा दहावीच्या परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचे कौतुक करण्यासाठी ही सभा भरली आहे. अशा सभेत पासष्टी गाठलेल्या आम्हां मंडळींना बोलण्यास सांगण्यात यावे, याचे प्रथम आम्हांस नवल वाटले. मग चिटणीसांनी खुलासा केला. महाराष्ट्रात दहावीची शालान्त परीक्षा १९७५ साली प्रथम झाली आणि त्या पहिल्या तुकडीत आपल्या समाजाची आम्ही काही मुले होतो. त्या गोष्टीला २०२५ साली पन्नास वर्षे झाली. तेव्हा आमचे कर्तृत्व एवढेच की, आम्ही योग्य वर्षी जन्मास आलो!

१९७२ च्या जून महिन्यात आम्ही आठवीच्या वर्गात पाऊल टाकले. पाऊस आलाच नाही. माणदेशाला दुष्काळ नवा नव्हे. परंतु त्या वर्षीचा दुष्काळ पाहिलेला मनुष्य आजही पाण्याचा पेला अर्धा टाकून उठत नाही. आपला समाज सुईदोऱ्यावर जगणारा. शेतकऱ्याच्या घरी पीक आले तर लग्न निघते आणि लग्न निघाले तर आपल्या घरचे मशीन चालते. त्या वर्षी गावोगावची मशिने मुकी झाली. आमच्यापैकी कित्येकांचे वडील दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. ज्या बोटांनी काजे करावयाची, त्या बोटांना घट्टे पडले. सुट्टीत आम्हीही पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली आणि तेथे मिळणारी सुकडी धाकट्या भावंडांसाठी रुमालात बांधून आणली.

आपल्या मंडळाचे तालुक्याच्या गावी तीन खोल्यांचे वसतिगृह होते. त्याच्या आधारावर आमचे शिक्षण टिकले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परदेशातून आलेल्या मिलोची तांबूस भाकरी तेथे दोन्ही वेळा असे. ती गरम असताना खावी लागे. निवाली की दातांशी भांडण. आडाने तळ गाठला होता, त्यामुळे अंघोळ आठवड्यातून दोनदा, तीही एका तांब्याची. याची तक्रार कोणी केल्याचे आठवत नाही. मुले होतो, आणि अंघोळ चुकल्याचे दुःख कोणत्या मुलाला होते?

शाळेत मात्र निराळीच धांदल होती. नवा अभ्यासक्रम आमच्यापासून सुरू झालेला. आमच्या पुढच्या वर्गातील मुले जुन्या अकरावीच्या वाटेने चाललेली, आम्ही नव्या दहावीच्या. पूर्वी अवघड गणित टाळून सोपे घेण्याची मुभा असे. आता गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे झाले, मुलींनाही. 'संच' नावाचे प्रकरण तर आमच्या गणिताच्या गुरुजींनाही नवे होते. आदल्या रात्री ते स्वतः शिकत आणि सकाळी आम्हांस शिकवीत. एकदा उदाहरण फळ्यावर अडले, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हे उद्या. आज मलाच आले नाही." गुरूने असे म्हणता येते, हे आम्हांस त्या दिवशी समजले.

१९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही परीक्षा एकाच वर्षी झाल्या. एकाच घरात थोरला अकरावीला, धाकटा दहावीला, असे प्रसंग आले. आमच्यापैकी एकाच्या घरी दोन फॉर्मांचे पैसे जमेनात. थोरल्या बंधूंनी आपला फॉर्म भरलाच नाही. 'माझे इंग्रजी कच्चे आहे' असे सांगून ते मशीनवर बसले. त्यांचे इंग्रजी उत्तम होते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो, तिच्याकडे वळतो.

आमच्या वर्गात आपल्या समाजाची एक मुलगी होती. तिचे नाव आम्ही घेत नाही. त्या आज सभागृहात आहेत आणि नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. मुलींना बीजगणित-भूमिती कशाला, असे तेव्हा आपल्याच वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविले होते. परंतु भूमिती या मुलीने वडिलांच्या कापड बेतण्याच्या फळीवर आधीच पाहिली होती. उरेब कापलेले कापड ओढल्यावर का ताणते, हे ती आम्हांला कर्ण काढून समजावीत असे. निकाल लागला, तेव्हा आपल्या समाजाच्या सर्व मुलांत तिचे गुण अधिक होते.

जुनी पद्धत असती, तर अकरावी गावातल्याच शाळेत होती. घरी राहून, आईच्या डोळ्यांसमोर, तिचे आणखी एक वर्ष शिक्षण झाले असते. नव्या रचनेत अकरावी कनिष्ठ महाविद्यालयात गेली, आणि ते आमच्या गावी नव्हते. मुलांनी वळकटी उचलली व परगाव गाठले. मुलींसाठी वसतिगृह आपल्या मंडळाचे नव्हते. नव्या पद्धतीने पुष्कळांचे भले केले, यात शंका नाही. पण आमच्या गावच्या मुलींची शाळा तिने एक वर्ष आधी संपविली. हे कोणी योजिले नव्हते. कोणी पाहिलेही नव्हते.

त्या वर्षीच्या समारंभात सर्वाधिक गुणांचे बक्षीस होते ५१ रुपये आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. नियम असा की, बक्षीस पुढील शिक्षणासाठीच द्यावयाचे. मुलगी पुढे शिकणार नव्हती, तिचे लग्न ठरले होते. म्हणून ते दुसऱ्या क्रमांकास मिळाले. तो आमच्यापैकीच एक. त्याने ते घेतले आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. ती बायकांच्या बाजूला बसली होती. तिनेही वाजविल्या असाव्यात. आम्ही तिकडे पाहण्याचे टाळले. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता, पण वर्गात कोणाचे गुण किती, हे आम्हांस पाठ होते आणि एकानेही उठून ते सांगितले नाही. पंधरा वर्षांचे होतो, ही सबब पंधराव्या वर्षी चालते. पुढे पन्नास वर्षे आम्ही गप्प राहिलो, त्याला कोणती सबब द्यावी?

त्या बाईंनी पुढे सासरच्या गावी मशीनवर शिवण शिवता शिवता दोन्ही मुलींना पदवीपर्यंत नेले. त्यांतील एक आज गणित शिकविते.

ते ५१ रुपये एस. टी. च्या भाड्यात आणि वह्यांत खर्च झाले. शब्दकोश मात्र शाबूत आहे. पहिल्या पानावर मंडळाची चिठ्ठी आहे : 'समाजात सर्वाधिक गुण मिळविल्याबद्दल', आणि खाली आमच्या मित्राचे नाव. ती चिठ्ठी त्याने फाडू दिली नाही; खोटे ते खोटे, पण दिसू द्या, असे त्याचे म्हणणे. तिच्याखाली त्याने स्वतःच्या हाताने खरे नाव लिहिले आहे.

शब्दकोश येथे टेबलावर ठेवीत आहोत. अध्यक्षमहाराजांनी तो आपल्या हस्ते त्या भगिनीस द्यावा, अशी विनंती करून आम्ही खाली बसतो.