कीर्तनकाराकडून बोलणं शिकू, पण बुवा होऊ नये
(यवतमाळ जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाचा विषय झाला, कर्जाचा झाला, वेचणीच्या मजुरीचा झाला. आता आमच्याकडे विषय आला तो 'सभेत बोलावं कसं' याचा. विषयाचं नाव ऐकून मागची मंडळी हसली. हसणारच. ज्याच्या घरात कापसाचा ढीग पडून आहे त्याला बोलण्याचे धडे कशाला? म्हणून आधी घडलेली एक गोष्ट सांगतो.

गेल्या हंगामात एका खरेदी केंद्रावरून आपल्यातल्या एका शेतकऱ्याची गाडी परत पाठवली. ओलावा जास्त आहे म्हणाले. त्यानं यंत्रावरचा आकडा दाखवा म्हटलं, तो दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण त्याला घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, "काय म्हणणं आहे तुमचं?" आमच्यातला जो बोलका होता त्यानं सुरुवात केली. आयात-निर्यात झाली, डॉलर झाला, वीजबिल झालं, सत्तर वर्षांचा अन्याय झाला. साहेब घड्याळाकडे पाहत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, "ठीक आहे, निवेदन देऊन जा." बाहेर टपरीवर चहा घेताना तो शेतकरी हळूच बोलला, "भाऊ, माझ्या गाडीचं तर काही निघालंच नाही."

तो माल पुढं पडेल भावात व्यापाऱ्याला गेला. गाडीभाडं दोनदा लागलं. आणि तो बोलका कार्यकर्ता म्हणजे दुसरा कोणी नाही, आम्हीच. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

त्याच आठवड्यात एका गावात आपली सभा होती. चार वक्ते, दोन तास. शेवटच्या वक्त्याच्या वेळी समोर सतरंजी गुंडाळायला आलेला पोरगा आणि पोलीस पाटील एवढेच उरले. त्याच गावात सप्ताह चालू होता. रात्री थंडी मरणाची, तरी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाया पोरं मांडीवर घेऊन अकरापर्यंत बसल्या होत्या. आमच्यातला एक म्हणाला, "तिथं प्रसाद मिळतो, म्हणून लोक जातात." ही आपली नेहमीची पळवाट. प्रसाद शेवटी असतो, आणि शेवटपर्यंत बसवणारं काहीतरी दुसरं असतं. ते काय, हे पाहायला आम्ही मागं जाऊन बसलो.

एक अभंग, एक मुद्दा

कीर्तनकार उभा राहतो तो एक अभंग घेऊन. नारदीय कीर्तन असेल तर आधी पूर्वरंग, त्यात त्या अभंगाचा अर्थ. मग मध्ये नामाचा गजर, लोकांनी टाळ्या धरायच्या, बुक्का लावायचा. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, एखादी कथा. आणि शेवटी गाडी फिरून पुन्हा पहिल्या अभंगावर. वारकरी कीर्तनातही एकच अभंग धरून दोन तास चालतं. म्हातारी घरी गेली की सुनेला सांगू शकते, आज महाराजांनी अमुक अभंग घेतला होता.

आपल्या सभेतून घरी गेलेल्या माणसाला बायकोनं विचारलं, "काय बोलले?" तर तो म्हणतो, "लय बोलले." संपलं. अकरा मुद्दे सांगितले आणि अकराही मंडपातच सांडले. डवऱ्याचा बैल तास सोडून चालला तर तण राहतं आणि पीक कापलं जातं. बोलण्याचंही तसंच आहे. एका सभेत एक तास धरा. गाडी परत गेली आहे ना, तर गाडीवरच बोला. डॉलर दुसऱ्या दिवशी.

समोरच्याच्या हातातली वस्तू

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी या मुलखात लोकांना त्यांच्याच मराठीत सांगितलं. त्यांचे दृष्टान्त पुढं केशिराजांनी 'दृष्टान्तपाठ' म्हणून एकत्र केले. शंभरावर दृष्टान्त आहेत. हत्ती चाचपणारे आंधळे त्यातलेच. अवघड तत्त्वज्ञान सांगायचं, पण उदाहरण असं की गुराख्यालाही कळावं. साडेसातशे वर्षं होत आली, पण उदाहरण अजून जुनं झालं नाही.

आपण काय करतो? 'आर्द्रतेचे प्रमाण विहित मर्यादेपेक्षा अधिक' असं बोलतो. हे शब्द साहेबाचे आहेत, त्याच्याकडेच राहू द्या. आपल्याकडे वाळलेला कापूस कसा ओळखतात? सरकी दाताखाली धरतात, कट्ट वाजली की वाळली. तिथून सुरू करा. मग सांगा, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा हमीभाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर खरेदी केंद्र माल घेत नाही. ढोबळ हिशेबानं ८ आणि १२ मधला फरक म्हणजे क्विंटलमागे ४ किलो पाणी. १० क्विंटलच्या गाडीत ४० किलो. एवढ्या पाण्यावर गाडी परत जाते, मग ते पाणी मोजणारं यंत्र आम्हांला दाखवायला काय हरकत आहे? हे असं बोललं असतं तर त्या दिवशी साहेबांना घड्याळ पाहता आलं नसतं.

आधी झाडू, मग प्रश्न

आता गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वाढले मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, मामाच्या घरी. आपली शकुंतला चालू होती तेव्हा यवतमाळहून मूर्तिजापूर एका गाडीचं अंतर. म्हणजे हा माणूस परका नाही. ढोरं राखली, नांगर धरला. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली ती डोळ्यांनी पाहिली. शाळा शिकले नाहीत. १९०५ साली घर सोडलं आणि १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ देह ठेवला. मधली पन्नास वर्षं कीर्तन. त्या पैशातून स्वतःला झोपडी बांधली नाही, पण पंढरपूर, नाशिक, मुंबई इथं गरिबांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या.

शाळा न शिकलेल्या माणसाचं कीर्तन ऐकायला हजारो लोक का बसत? आम्हांला दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण झाडू. गावात आले की आधी गाव झाडायचे. बोलणं रात्री. दिवसभर लोकांनी पाहिलेलं असे की या माणसानं आमची गटारं साफ केली. रात्री तो स्वच्छतेवर बोलला तर कोणी 'तुम्हाला काय जातंय सांगायला' म्हणू शकत नसे. आपण जीपमधून उतरतो, हार घालून घेतो आणि भाषण सुरू करतो. दुपारी गावात जाऊन चार घरी बसलो, कोणाचा कापूस घरात आहे, कोणाचा पीकविमा आला नाही, हे विचारलं, तर रात्रीचं भाषण अर्धं तयार होतं.

दुसरं कारण प्रश्न. गाडगेबाबा सांगत कमी, विचारत जास्त. वऱ्हाडीत विचारायचे, समोरून उत्तर यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. दारू, नवस, बोकडाचा बळी, लग्नाचं कर्ज, पोरांची शाळा, हे सगळे विषय असेच निघायचे. शेवटचं उत्तर लोकच देत. स्वतःच्या तोंडानं दिलेलं उत्तर माणूस विसरत नाही.

आम्ही हे एका गावात करून पाहिलं. विषय एकच, कट्टी.

"क्विंटलमागे कट्टी किती धरली?"
"दोन किलो."
"गाडीत माल किती होता?"
"दहा क्विंटल."
"मग कट्टीत गेला किती?"
"वीस किलो."

मग आम्ही बायांकडे वळलो. "मावशी, वीस किलो कापूस वेचायला किती वेळ लागतो?" बाया आधी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग एक म्हातारी बोलली, "पहिल्या वेचणीत अर्धा दिस. शेवटच्या वेचणीत अख्खा दिस जाते, भाऊ." सभा एकदम गप्प. वीस किलो म्हणजे काय ते पुरुषांनाही तेव्हा कळलं. त्या एका वाक्याची बरोबरी आमच्या दहा वर्षांच्या भाषणांना येत नाही, आणि ते वाक्य आमचं नव्हतं.

गळा नाही, ही सबब नाही

काही जण म्हणतील, तुकडोजी महाराजांकडे गळा होता, खंजिरी होती, आमच्याकडे काय आहे? खंजिरी होती हे खरं. यावलीचा हा मुलगा, १९०९ चा जन्म, खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरला, १९४२ साली तुरुंगातही गेला. पण त्यांनी खंजिरीवरच भागवलं नाही. मोझरीला गुरुकुंज काढला, गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली, ग्रामगीता लिहिली. प्रार्थनेत सगळे एका वेळी, एका जागी, रांगेत बसायचे. आपली सभा आठच्या ठिकाणी दहाला सुरू होते. वेळेवर आलेल्या माणसाला दोन तास बसवून ठेवायचं आणि मग त्याला शिस्त सांगायची, हे बरोबर नाही.

आणि बोलणं ही उपजत देणगी आहे, हे तर मुळीच खरं नाही. आपल्या यवतमाळातच १९५३ पासून १९८३ पर्यंत ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. उपदेश करण्याचं रीतसर शिक्षण घ्यायला देशभरातून तरुण इथं येत. म्हणजे बोलणं शिकता येतं, आणि ते शिकवणारी शाळा आपल्याच गावात होती. त्याआधी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ताची गोष्ट मराठी माणसाला सांगायची म्हणून कीर्तनच हाती घेतलं. आपल्या माणसाचा कान कशाला सरावला आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि तुम्हांला बोलता येत नाही म्हणता, मग पोळ्याला तोरणाखाली झडत्या कोण म्हणतं? बैल उभे असतात, सारं गाव जमलेलं असतं, आणि आपला शेतकरी सरपंचापासून सरकारपर्यंत सगळ्यांना झडतीत घेतो. तिथं कोणी त्याला माईक धरायला शिकवलेलं नसतं. पोळ्याला बोलणारा तोच माणूस कार्यालयात मुका होतो. जीभ तीच आहे, मग अडतं कुठं? साहेबाच्या खोलीत आपण साहेबाची भाषा बोलायला जातो, तिथं अडतं.

काय घ्यायचं नाही

आता शेवटचं, आणि महत्त्वाचं. कीर्तनातून सगळंच घ्यायचं नाही.

एक, कीर्तनात मध्येच उठून कोणी 'महाराज, हे पटलं नाही' म्हणत नाही. देवाच्या दारी ते चालत असेल, आपल्या सभेत चालणार नाही. आपल्या सभेत कार्यकर्त्याचा आकडा चुकला तर शेवटच्या रांगेतल्या पोरानं उठून सांगितलं पाहिजे, आणि कार्यकर्त्यानं ते ऐकलं पाहिजे.

दोन, काही महाराज कर्जबाजारी माणसाला सांगतात की हे पूर्वजन्मीचे भोग आहेत. आपल्या जिल्ह्यात किती घरांतला कर्ता माणूस कर्जापायी गेला हे तुम्हांला सांगायला नको. ज्याच्या कर्जाचा हिशेब बियाणं, खत, मजुरी आणि भाव यांत मांडता येतो, त्याला पूर्वजन्माकडे पाठवू नये. तो एकटा घरात बसला असेल तर आधी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं. तिथं बोलूच नये, फक्त ऐकावं. तेही आपल्या कामातच धरलं पाहिजे.

तीन, कीर्तन संपतं तेव्हा लोक समाधानानं घरी जातात. आपली सभा समाधानावर संपली तर ती वाया गेली. सभेच्या शेवटी ठराव हवा. कोण जाणार, कोणत्या तारखेला, कोणता कागद घेऊन. हात वर करून, नावं लिहून.

आणि चार. गर्दी जमायला लागली, टाळ्या पडायला लागल्या की बोलणाऱ्याला वाटायला लागतं आपण कोणीतरी आहोत. गाडगेबाबा पाया पडू देत नसत. कोणी वाकलाच तर काठी उगारत. मी कोणाचा गुरू नाही, मला शिष्य नाही, असं सांगत. एवढा मोठा माणूस जे घेत नव्हता, ते आम्ही चार सभा गाजल्या म्हणून घ्यायचं का? चळवळीत एक बुवा तयार झाला की बाकीचे सगळे टाळकरी होतात. मग तो बुवा एक दिवस दुसऱ्या मंडपात गेला, की इकडे बोलणारा कोणी उरत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच करू. प्रत्येक तालुक्यानं दोन नवी माणसं उभी करायची, त्यात एक बाई असलीच पाहिजे. दहा मिनिटं, एक मुद्दा, आपल्या शेतातलं उदाहरण, निदान तीन प्रश्न लोकांना विचारलेले, आणि शेवटी एक ठराव. जुन्या वक्त्यांनी मागं उभं राहून ऐकायचं. घरी जाणाऱ्या माणसाला विचारायचं, "काय बोलले?" त्यानं एका वाक्यात सांगितलं तर भाषण जमलं.

ज्याची गाडी परत गेली होती तो शेतकरी आज इथं बसला आहे. मागच्या वेळी त्याच्या वतीनं आम्ही बोललो आणि त्याचं नुकसान केलं. या हंगामात कार्यालयात जायची वेळ आली तर आम्ही त्याच्या शेजारी उभे राहू. बोलेल तोच.

आता आम्ही खाली बसतो. प्रश्न तुम्ही विचारा.