आधी कर्ज, मग गाडी
(समाजबांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कुरुळीतून चाकणच्या कारखान्यांत पाळीला जाणारी आपली मुले दुसऱ्यांसाठी गाड्या बनवतात. त्यांच्या दारातही गाडी उभी राहावी, यात गैर काहीच नाही. परंतु बहुतेक जण आधी शोरूममध्ये जाऊन रंग पसंत करतात, बुकिंगचे पैसे भरतात आणि मग आमच्या काउंटरवर येऊन विचारतात, "साहेब, कर्ज होईल ना?" मन एकदा गाडीत बसले की माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. म्हणून दोन-तीन बँकांत विचारून मंजुरीपत्र आधी घ्या. मग शोरूममध्ये फक्त भावाचे बोलायचे उरते.

तेथील टेबलावर "सातच टक्के" असे सांगतात. तो दर फ्लॅट आहे का, हे विचारा. पाच लाखांवर सात टक्के फ्लॅट, पाच वर्षे, म्हणजे व्याज 1,75,000 आणि हप्ता 11,250 रुपये. मुद्दल दरमहा कमी होते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर! घटत्या शिलकीवर साडेनऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे 10,500 येतो. सात टक्के साडेनवांपेक्षा महाग, जवळजवळ 45,000 रुपयांनी! 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाचा वार्षिक एकूण खर्च आणि सर्व आकार दाखवणारे 'की फॅक्ट स्टेटमेंट' कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. ते मराठीत मागा. लाजू नका.

ठेकेदारीवर असणाऱ्यांनी ओव्हरटाइम धरून हप्ता ठरवू नये. ठेका संपतो, हप्ता संपत नाही. विमा, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग वेगळेच.

आणखी एक. भाऊबंदकीखातर जामीन राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. करारात वेगळे लिहिले नसेल, तर 1872 च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही आहे" असे म्हणणाऱ्या पाहुण्याला आधी त्याचा पगार विचारा. माझे हे बोलणे काहींना कडू लागेल.

शेवटचा हप्ता भरला की ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 च्या दोन प्रती घेऊन आर.टी.ओ.कडे अर्ज करा, म्हणजे आर.सी.वरील बँकेचा बोजा उतरेल. हे राहून गेले, तर गाडी विकताना अडते.

जय भीम!