शत्रूच्या हाती दिलेली यादी

१९८४ च्या २ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. कारखान्यालगतच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांना पळावे कोठे, हेही उमगले नाही. हजारो माणसे दगावली. कोणी बाँब टाकला नव्हता. शांततेच्या काळातील एका टाकीनेच हा अनर्थ केला. मग एखाद्या अणुभट्टीवर खरोखरच बाँब पडला, तर काय होईल? ही भीती काल्पनिक नाही. १९८१ मध्ये इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळील इराकी अणुभट्टी उद्ध्वस्त केली होती. शिवाय किरणोत्सर्गी धूळ सरहद्द ओळखत नाही.

म्हणूनच भारत व पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यान्वये १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही देश आपल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांस देतात. १९९८ मध्ये दोघांनीही अणुचाचण्या केल्या, १९९९ मध्ये कारगिलला तोफा धडाडल्या. तरी हा क्रम खंडित झाला नाही.

हा मैत्रीचा तह नव्हे. यादी खरी आहे की अपुरी, हे तपासण्याची सोय त्यात नाही. परंतु परस्परांवर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनाच कराराची गरज असते. मित्रांना ती कशाला भासावी? मात्र या कराराने अभय मिळाले आहे ते अणुकेंद्रांना, शहरांना नव्हे. यादीच्या पुढचे पाऊल कोणते, हे त्यावरून उघड आहे.