पावसाचें घर

मेक्सिको देशाच्या दक्षिणेस ओआहाका नांवाचें राज्य आहे. त्याच्या डोंगराळ भागांत मिश्तेक लोक राहतात. हें नांव त्यांना परक्यांनीं दिलेलें. ते स्वतःस ‘ञू सावी’, म्हणजे पावसाचे लोक म्हणवितात. माझा मुलगा नोकरीनिमित्त मेक्सिको शहरांत असतो. त्याच्यासमवेत या लोकांच्या आपोआला नांवाच्या खेड्यास जाण्याचा योग मला आला.

खेडें लहान, पण कीर्ति मोठी. येथल्या वृक्षांपासून मिश्तेक राजकुळांचे मूळ पुरुष जन्मास आले, ही कथा आंतोनियो दे लोस रेयेस या धर्मोपदेशकानें १५९३ सालीं छापलेल्या मिश्तेक व्याकरणाच्या प्रस्तावनेंत नमूद केली आहे. मीं जन्मभर शाळेंत व्याकरण शिकविलें. आमच्या पुस्तकांत अशी एखादी गोष्ट असती, तर मुलांनीं तें आनंदानें उघडलें असतें!

गांवाजवळ चुनखडीच्या डोंगरांत गुहा आहे. वाटाड्या माझ्याच वयाचा शेतकरी. तोंडाशीं येतांच त्यानें टोपी काढली व आपल्या भाषेंत तो कांहीं पुटपुटला. आंत जाण्याची परवानगी मागत आहेत, असें मुलानें सांगितलें. आंत दाट काळोख, गारवा आणि थेंबांचा आवाज. विजेरीच्या उजेडांत छतापासून लोंबणारे दगडी सुळके दिसले. पाण्यांत विरघळलेला चुना थेंबाथेंबानें मागें राहून हजारों वर्षांत ते घडतात, हें मीं भूगोलाच्या तासाला अनेकदां सांगितलें. पाहिलें मात्र प्रथमच. पायाशीं पडलेला एक तुकडा उचलून मीं खिशांत टाकला. शाळेच्या संग्रहासाठीं वस्तु जमविण्याची जुनी खोड! वाटाड्यानें मुकाट्यानें हात पुढें केला. हें पावसाचें घर आहे, येथलें कांहीं न्यावयाचें नसतें, असें तो म्हणाला. तुकडा मीं जागच्या जागीं ठेविला. मुलांच्या खिशांतून चिंचोके काढून घेण्यांत माझा जन्म गेला, तेव्हां माझी अवस्था आपण ओळखालच.

मिश्तेक मुलुखांत अनेक ठिकाणीं २५ एप्रिलला, संत मार्कच्या दिवशीं, लोक गुहांपाशीं जाऊन पाऊस मागतात. मक्याचें पीक सारें त्यावरच. परंतु डोंगरउतारांची माती वाहून गेली, शेतीवर पोट भरेना, आणि हजारों तरुण कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीस गेले. वाटाड्याचे दोन्ही मुलगे तिकडेच. पाऊस मागावयास माणसें तर उरलीं पाहिजेत, असें तो बोलून गेला.

बाहेर आलों. त्यानें मला कांहीं विचारलें. मुलगा क्षणभर थांबला, मग म्हणाला, “बाबा, ते विचारतात, तुमचा मुलगा घरीं केव्हां परतणार?”

मीं म्हटलें, “सांग, दिवाळीस येतों म्हणतो.”

मुलानें स्पॅनिशमध्यें काय सांगितलें, तें मला कळलें नाहीं. वाटाड्यानें मान हालविली आणि टोपी डोक्यावर चढविली.